विकून पाहिलं का कोणी? – यवतमाळ जिल्ह्यातल्या एका क्रिप्टो गटाचं प्रकरण

या प्रकरणातली माणसं आजही रोज एकमेकांना बाजारात भेटतात, म्हणून गावं आणि नावं गाळली आहेत. तालुका यवतमाळ जिल्ह्यातला, एवढं पुरे. मी तालुक्याच्या गावी हिशेबाचं आणि कराचं काम करतो. या गटात मी दुसऱ्या महिन्यापासून होतो, त्यामुळे लांबून पाहिल्याचा आव मला आणता येणार नाही. एका जागी तर चूक माझीच आहे. ती पुढे येईल.

पार्श्वभूमी

क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी इंटरनेटवरची नाणी, यांच्यावर बोलायचा हा मोबाइलवरचा गट सुरू झाला जानेवारी २०२१ मध्ये. टाळेबंदीत पुण्याहून घरी आलेला आणि घरूनच काम करणारा एक इंजिनिअर मुलगा, सेतू केंद्र चालवणारा त्याचा वर्गमित्र आणि कृषी केंद्रवाला, असे तिघं ॲडमिन. बाकी अकरा जण. इंजिनिअर पोराचं नाव गावाने 'पुणेकर' पाडलं होतं, इथेही तेच वापरतो.

वेळ बरोबर जुळून आली होती. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या धंद्यापासून दूर राहायला सांगितलं होतं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि एक्स्चेंजवर, म्हणजे जिथे ही नाणी घेता-विकता येतात तिथे, बँकेतून पैसे टाकणं पुन्हा शक्य झालं. त्यानंतर तीन आठवड्यांत देश बंद झाला. हातात मोबाइल, घरात बसून पोरं, आणि बिटकॉइन चढतं.

पहिलं वर्षभर हा गट चांगला होता, हे मुद्दाम सांगतो. शेवट वाईट झाला की सगळेच आधीपासून मूर्ख होते असं म्हणायची आपल्याकडे खोड आहे. पुणेकर दर रविवारी एक विषय समजावून सांगायचा. बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर का निघू शकत नाहीत, नाणी ठेवायचं वॉलेट म्हणजे नेमकं काय, चुकीच्या पत्त्यावर पाठवलेलं नाणं परत का येत नाही. लोक प्रश्न विचारायचे, पुणेकरला उत्तर आलं नाही तर तो 'पाहून सांगतो' म्हणायचा आणि खरंच पाहून सांगायचा.

त्या काळातला एक प्रसंग. वॉलेट उघडताना बारा इंग्रजी शब्द मिळतात. २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले ते असतात, आणि ते ज्याच्या हाती त्याचं वॉलेट. इंग्रजी लिहायला अवघड जातं म्हणून काही जण ते शब्द घेऊन सेतूवर गेले. सेतूवाल्याने चांगल्या मनाने ते टाइप केले, छापले आणि आधार कार्डासारखे लॅमिनेट करून दिले. वर 'हरवलं तर माह्यापाशी कॉपी आहे' असंही सांगितलं. पुणेकरला कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. पण ओरडला नाही. सगळ्यांना बोलावलं, सेतूच्या कॉम्प्युटरवरच्या फायली सगळ्यांसमोर पुसल्या, प्रत्येकाकडून नवं वॉलेट उघडवलं, शब्द स्वतःच्या हाताने लिहायला लावले आणि जुने लॅमिनेट मागच्या अंगणात जाळले. सेतूवाला सर्वांत जास्त हसला. चूक झाली, बोलली गेली, दुरुस्त झाली, आणि कोणाचं नाक कापलं गेलं नाही. हे तेव्हा जमत होतं. दीड वर्षाने का जमलं नाही, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

गट बदलला कसा

२०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन काही बाजारांत दहा हजारांपर्यंत गेलं आणि शेतकऱ्याच्या घरी माल येईपर्यंत निम्म्यावर आलं. ज्यांच्याकडे जुनं सोयाबीन शिल्लक होतं त्यांची चांदी झाली. मग कापसाने भरपाई केली. लांब धाग्याचा हमीभाव ६,०२५ होता आणि जानेवारी २०२२ मध्ये बाजारात दहा हजारांच्या वर बोली होती. ज्याने कापूस खेडा खरेदीवाल्याला घाईने दिला तो पस्तावला आणि ज्याने घरात गंजी लावून ठेवला तो शहाणा ठरला. घरात कापूस ठेवला की अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवतात, तरी लोकांनी ठेवला. थांबणारा जिंकतो, हा धडा अख्ख्या तालुक्याने त्या हंगामात अंगावर घेतला.

बाहेरच्या क्रिप्टो जगातही हीच शिकवण चालते, तिला 'होडल' म्हणतात. शब्दाची कुळकथा गमतीची आहे. डिसेंबर २०१३ मध्ये भाव कोसळत असताना एका माणसाने व्हिस्की पिऊन बिटकॉइनवाल्यांमध्ये लिहिलं की मी धरून बसलोय, आणि 'होल्ड'चं स्पेलिंग चुकलं. त्याने धरून का बसलो तेही लिहिलं होतं: मी खराब ट्रेडर आहे आणि मला ते ठाऊक आहे. म्हणजे मुळात ती कबुली होती. पुढे तिची आज्ञा झाली, आणि विकणारा भित्रा ठरला.

आमच्याकडे ही आज्ञा कापसाच्या गंजीवर येऊन बसली. कापसाचे पैसे हातात असलेली माणसं गटात आली. चौदाचे मार्च २०२२ पर्यंत तीनशेवर गेले. रविवारचे विषय बंद पडले, कारण तीनशे जणांत कोणी शिकायला थांबत नव्हतं. सकाळी 'राम राम'ऐवजी रॉकेटचं चित्र येऊ लागलं. शंका, भीती पसरवण्याला बाहेर 'एफयूडी' म्हणतात, त्याचं इथे 'फड' झालं. कोणी काही विचारलं की 'फड नको लावू बे'. आपल्या भाषेत फड तमाशाचा असतो, उसाचा असतो. इथे प्रश्न विचारणाराच तमाशा करतोय, असा त्याचा अर्थ लागायला वेळ लागला नाही.

मे २०२२ मध्ये लुना नावाचं नाणं आठवड्याभरात सुमारे ऐंशी डॉलरवरून पैशाच्याही अंशावर आलं. गटातल्या नऊ जणांचे पैसे त्यात होते. त्यातल्या एकानेही गटात 'माझे गेले' असं लिहिलं नाही. मला हे कळलं ते त्यांच्या रिटर्नच्या कागदांवरून, वर्षभराने. उलट त्या आठवड्यात गटात चर्चा होती ती 'आता एक रुपयात शेकड्याने मिळते' याची.

अडचण

१ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आला, एप्रिलपासून लागू. प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस १ जुलैपासून येणार होता. हे मीच गटात समजावून सांगितलं. परिणाम उलटा झाला. लोक म्हणाले, एक्स्चेंजवर कशाला जायचं? ज्याला एक्स्चेंजच लागत नाही असं काही पाहू. माणसाकडून माणसाने यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेली नाणी, घ्यायचे, ते वॉलेटमध्ये टाकायचे, आणि पॅनकेकस्वॅपसारख्या जागी थेट नवीन नाणी घ्यायची. कर तरीही लागतो, हे मी सांगितलं. ते वाक्य कोणी वाचलं नसावं.

मेच्या शेवटी पुणेकरने एक नवं नाणं आणलं. बाहेरच्या एका गटाने त्याला 'ॲम्बेसेडर', म्हणजे प्रचारक, केलं होतं आणि थोडी नाणी फुकट दिली होती. जूनअखेर मोठ्या एक्स्चेंजवर लागणार, असा दावा. तालुक्यातल्या बहुतेकांना पॅनकेकस्वॅप वापरता येत नव्हतं. म्हणून ठरलं की पैसे सेतूवाल्याकडे द्यायचे, तो आपल्या वॉलेटमधून सगळ्यांचं एकत्र घेईल आणि डायरीत नाव लिहील. भिशीसारखंच. ३७ नावं, ११ लाख ४० हजार रुपये. कमीत कमी पाच हजार, जास्तीत जास्त एक लाख वीस हजार. त्यात पीक कर्जाचं नवं-जुनं करून हाती आलेली रक्कम टाकणारे निदान सहा जण होते.

एकोणीस दिवसांत भाव सहा पट झाला. सेतूवाला रोज संध्याकाळी आलेख टाकायचा, आरतीच्या वेळेला.

नाणं खाली का येत नव्हतं? कारण ते विकताच येत नव्हतं. नाण्याच्या मागे जो प्रोग्रॅम असतो त्यात घेण्याची वाट सर्वांना खुली ठेवायची आणि विकण्याची फक्त मालकाला, असं लिहिता येतं. मग घेणारे घेत राहतात, विकणारा कोणी नसतो, आणि आलेख फक्त वर जातो. दिसायला यापेक्षा देखणा आलेख नाही. २०२१ मध्ये एका गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावाने निघालेलं स्क्विड नाणं असंच फुगलं होतं. लोकांना विकता येत नव्हतं, आणि १ नोव्हेंबरला काही मिनिटांत ते शून्यावर आलं. ही बातमी आमच्या गटातही आली होती. खाली हसण्याचे चेहरे टाकून लोक पुढे गेले होते.

पहिला निर्णय: ताईंचा प्रश्न

गटात 'उमेद'चं, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाचं, काम करणाऱ्या एक ताई होत्या. गावातल्या अकरा बचत गटांच्या वह्या त्या पाहतात. त्यांच्या दिराने तीस हजार टाकले होते, त्यातले पंधरा ताईंचे. दहा-बारा दिवस त्या वाचत होत्या. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री त्यांनी लिहिलं: 'सर्वांना नमस्कार. चढलं ते दिसते. पण विकून पाह्यलं काय कोणी? शंभर-दोनशाचंच.'

या सगळ्या प्रकरणात यापेक्षा हुशार वाक्य कोणी लिहिलं नाही. ब्लॉकचेन म्हणजे काय हे ताईंना माहीत नव्हतं. त्यांना पंचसूत्री माहीत होती: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशेबाच्या वह्या. दिलेले पैसे परत येतात की नाही, हे आधी पाहायची त्यांना सवय होती.

पुणेकरने उत्तर दिलं, 'ताई, हा बचत गट नाही. फड नका लावू.' त्याखाली अठरा जणांनी टाळ्या वाजवल्या. कृषी केंद्रवाल्याने ताईंचं लिहिणं चोवीस तासांसाठी बंद केलं. सकाळी त्या गटातून निघून गेल्या.

मी तेव्हा जागा होतो. 'ताईंचं बरोबर आहे, दोनशेचं विकून पाहा' असं मी टाइपही केलं. मग वाटलं, रात्रीची वेळ, तापलेले आहेत, उद्या सेतूवाल्याला बाजूला घेऊन सांगू. पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी रिटर्नची गर्दी होती. आमच्या धंद्यात जून-जुलै तसाच असतो, पण हे कारण मी माझ्या क्लायंटकडून ऐकून घेतलं नसतं.

दुसरा निर्णय: नऊ दिवस

पाऊस आला. ज्याने चाळीस हजार टाकले होते त्या शेतकऱ्याला बियाणं आणि खत घ्यायचं होतं. तो सेतूवर गेला. 'माह्ये काढून दे गा, पेरणीले लागते.' सेतूवाल्याने विकायचा प्रयत्न केला. झालं नाही. 'नेट स्लो हाये, उद्या ये.' दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या खिशातले दहा हजार त्याला दिले आणि 'बाकीचे सोमवारी' म्हणाला.

पहिल्या अपयशानंतर नऊ दिवस त्याने कोणाला सांगितलं नाही, पुणेकरलाही नाही. पुढे मला म्हणाला, 'सर, मले वाटे माह्यंच काही चुकून राह्यलं. लॅमिनेटवानी.' त्याचं म्हणणं मला पटतं. पण या नऊ दिवसांत आणखी चार जणांनी त्याच्याकडे पैसे आणून दिले, आणि त्याने ते घेतले. ते वर सांगितलेल्या ३७ मध्येच आहेत.

दहाव्या रात्री तो पुणेकरकडे गेला. दोघांनी मिळून तपासलं. पुणेकरची फुकटची नाणीही विकत नव्हती. मग दोघे रात्री साडेअकराला माझ्या दारात.

पर्याय

रात्रभर बोलणं झालं. पर्याय जसे पुढे आले तसे सांगतो.

पहिला होता गप्प राहण्याचा, आणि तो दिसतो त्यापेक्षा फार मोहक होता. १८ जूनला बिटकॉइन वीस हजार डॉलरच्या खाली आलं होतं, सात महिन्यांपूर्वीच्या ६९ हजारांच्या आसपासच्या उच्चांकावरून. सगळंच पडत होतं. 'बाजार पडला, आपलंही पडलं' म्हटलं असतं तर सदतीस जणांनी निमूट मान्य केलं असतं. शिव्या पुणेकरला नाही, नशिबाला पडल्या असत्या. कृषी केंद्रवाल्याचं मत हेच होतं, त्याला फोनवर घेतलं होतं. तो वाईट माणूस नाही. त्याच्या दुकानात सदतीसपैकी वीस जणांची खताची उधारी होती, आणि लोक फिरले तर दुकान बसतं, हे त्याला दिसत होतं.

दुसरा, जे आरडाओरडा करतील त्यांना गुपचूप थोडेथोडे द्यायचे. हा सेतूवाल्याने आधीच सुरू केला होता.

तिसरा पर्याय टेलिग्रामवरून आला. अडकलेलं नाणं सोडवून देतो म्हणणारा एक 'रिकव्हरी एक्स्पर्ट' पुणेकरला भेटला होता, आगाऊ पंधरा टक्के मागत होता. पुणेकर त्याला निम्मे द्यायला निघाला होता. ज्याने अकरा जणांना सुरक्षितता शिकवली तो हा मुलगा. एकदा बुडालेल्या माणसाच्या मागे हीच टोळी लागते, आणि नियम एकच: आधी पैसे मागितले की तो चोर. एवढं मात्र मी ठामपणे बोललो.

चौथा, दुसरं एखादं नाणं घेऊन तूट भरून काढायची. यावर चर्चा झाली नाही, पण तिघांच्याही मनात ते येऊन गेलं, हे नंतर तिघांनी कबूल केलं.

पाचवा, सगळ्यांना समोरासमोर बोलावून सांगायचं आणि तक्रार करायची. यात मारहाणीची भीती होती आणि ती खोटी नव्हती.

गप्प राहणं शेवटी सेतूवाल्यानेच फेटाळलं. त्याचं कारण नैतिक नव्हतं. तो म्हणाला, 'माह्या डायरीत अक्षर माह्यं हाये. लोकं उद्या डायरी मागन.'

केलेली कृती

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात गेलो. फसवणूक झाल्यावर पहिल्या काही तासांत १९३० ला कळवलं तर पैसा पुढच्या बँक खात्यात गोठवता येतो. आमचा पैसा महिन्याभरापूर्वी रुपयांचा यूएसडीटी आणि यूएसडीटीचं नाणं झाला होता. त्याला गोठवायला मधे बँक उरली नव्हती. पोहोच मिळाली. तपास जिल्ह्याच्या सायबर शाखेकडे गेला.

बैठक जुलैच्या पहिल्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात. मी एक अट घातली होती: ताईंना बोलवायचं आणि बैठक त्यांनी चालवायची. पुणेकर स्वतः त्यांच्या घरी गेला. काय बोलला ते दोघांपैकी कोणी सांगितलं नाही. ताई आल्या, हातात बचत गटाची कोरी वही घेऊन.

पुणेकर उभा राहून बोलला. फुकटच्या नाण्यांचंही सांगितलं, आणि तिथे आवाज चढले. एक जण अंगावर धावून गेला, दोघांनी धरला. ताईंनी कोणालाही गप्प केलं नाही. लोक बोलून थकेपर्यंत त्या थांबल्या. मग प्रत्येकाला चिठ्ठी दिली: किती दिले, आणि कोणाचे दिले.

दुसऱ्या प्रश्नाने चित्र बदललं. ३७ नावांच्या मागे ५२ माणसं निघाली. बायकोचे, साळ्याचे, आईच्या श्रावणबाळच्या पैशातले, एकाचे मुलीच्या कॉलेजच्या फीचे. आणि रक्कम निघाली ११ लाख ६० हजार, डायरीपेक्षा वीस हजार जास्त. ते वीस हजार एकाने मेहुण्याकडून घेऊन सेतूवाल्याकडे दिलेच नव्हते. मेहुणा तिथेच बसला होता. त्या व्हरांड्यात त्या दिवशी एवढंच काय ते हसू झालं.

नंतर भरपाईचा विषय. पुणेकरने दुचाकी आणि स्वतःचं बिटकॉइन विकून तीन लाख द्यायची तयारी दाखवली, सेतूवाल्याने एक लाख. मी सांगितलं की 'हप्त्याहप्त्याने सगळं व्याजासह फेडतो' असं कागदावर लिहू नका. लोकांचा पैसा गोळा करून परताव्याचं वचन देणं हा प्रकार महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याच्या आणि २०१९ च्या अनियंत्रित ठेवींच्या कायद्याच्या वाटेला जातो. देणार ते नुकसानीतला वाटा म्हणून द्या, एकदाच. चार लाख वाटायचे कसे, यावर दोन तास गेले. सगळ्यांना सारख्या प्रमाणात, की पीक कर्जवाल्यांना आधी? ताईंनी हात वर करायला लावले. पीक कर्जवाले आणि दहा हजारांच्या आतले आधी, उरलेलं बाकीच्यांना प्रमाणात. ज्याचे एक लाख वीस हजार होते तो उठून गेला. तो आजही आमच्याशी बोलत नाही, आणि त्याचं सगळंच चुकलं असं मला म्हणवत नाही.

शेवटी एक कागद झाला. दुसऱ्याचा पैसा कोणीही हातात घ्यायचा नाही. नवं नाणं सुचवलं तर सात दिवस थांबायचं, आणि सुचवणाऱ्याने आधी थोडं घेऊन, विकून, दोन्हीचे फोटो टाकायचे. त्यात आपले किती आहेत, फुकट काही मिळालं का, तेही सांगायचं. प्रश्न विचारला म्हणून कोणाचं लिहिणं बंद करायचं नाही. शिवीगाळीसाठी करायचं तर दोन वेगवेगळ्या गावांतल्या ॲडमिननी मिळून. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्याचे बुडाले त्याने आधी बोलायचं.

निष्पत्ती

नाणं ऑगस्टमध्ये शून्यावर आलं. तक्रारीतून एक रुपया परत आला नाही. उलट सेतूवाल्याचं बँक खातं गोठलं. त्याने ज्यांच्याकडून यूएसडीटी घेतले होते त्यातल्या कोणाच्या तरी खात्यावर दुसऱ्या राज्यात तक्रार होती, आणि त्या साखळीत याचं खातं सापडलं. केंद्राचं कमिशन त्याच खात्यात यायचं. सहा आठवडे कागद फिरवले तेव्हा सुटलं.

त्या जुलैत अतिवृष्टी झाली, काहींना दुबार पेरणी करावी लागली, आणि चाळीस हजारवाल्याने बियाणं दुसऱ्यांदा उधारीवर आणलं. त्याच कृषी केंद्रातून.

कराच्या बाबतीत एक कडू गोष्ट. त्या आर्थिक वर्षात एकाला डोजकॉइनमध्ये नव्वद हजारांचा नफा झाला होता आणि या नाण्यात सत्तर हजार गेले. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११५बीबीएच प्रमाणे एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. त्याला २७,००० कर आणि १,०८० उपकर, मिळून २८,०८० भरावे लागले. तो म्हणाला, 'कमावले ते सरकारले दिसते, बुडाले ते काऊन नाई दिसत?' माझ्याकडे उत्तर नव्हतं, चलन होतं.

गट तीनशेचा एकेचाळीसवर आला. नियमांपैकी सगळे टिकले नाहीत. बुडालेल्यांचा रविवार चार महिने चालला. मग तीच तीच माणसं तेच तेच सांगू लागली आणि तो विनोदाचा रविवार झाला. आपले किती आहेत ते सांगायचा नियम पहिल्या दिवसापासून कोणी पाळला नाही. आपल्याकडे माणूस एकरही खरे सांगत नाही, नाणी कुठून सांगेल? पण दुसऱ्याचा पैसा हातात घ्यायचा नाही, हा नियम टिकला, आणि विकून दाखवायचा टिकला.

पुढच्या हंगामात याच लोकांनी दहा हजारांच्या आशेने पुन्हा कापूस घरात ठेवला, आणि २०२३ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर सात-आठ हजारांना दिला. खाज फुकट गेली. तेव्हा मला कळलं की 'धरून बसा'चा आजार गटाने लावलेला नव्हता.

खरी परीक्षा जुलै २०२४ मध्ये झाली. एका भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि व्यवहार बंद झाले. आमच्या सहा जणांची नाणी तिथे अडकली. या वेळी तासाभरात सहाही जणांनी गटात आपला आकडा लिहिला. लुनाच्या वेळी नऊपैकी एकानेही लिहिला नव्हता. पैसे वाचले का? नाही. पण त्यांच्या बायकांना ते त्याच दिवशी कळलं.

वेगळं काय करता आलं असतं

पुणेकरचं म्हणणं की गट पन्नासच्या वर जाऊ द्यायला नको होता. मला ते अर्धंच पटतं. तीनशे जणांतही दोनशे रुपयांची विक्री करून पाहायला दोन मिनिटं लागली असती. आकड्याने गट बिघडला नाही. शिकवणाऱ्याला 'पाहून सांगतो' म्हणायची लाज वाटू लागली, तिथे बिघडला. जानेवारी २०२१ मधल्या पुणेकरने ताईंना 'थांबा ताई, करून पाहतो' म्हटलं असतं, याबद्दल मला शंका नाही. जून २०२२ मधल्या पुणेकरच्या मागे तीनशे जण रॉकेट घेऊन उभे होते.

एकत्र पैसे घेणं ही दुसरी चूक, आणि ती आपल्या चांगल्या सवयीतून आली. भिशीत सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून भिशी चालते. इथेही सगळे एकमेकांना ओळखत होते. ज्याने नाणं बनवलं त्याला मात्र कोणी ओळखत नव्हतं, आणि विश्वास भिशीचाच वापरला गेला. सेतूवाल्यावरच्या भरवशाने लोक एका अनोळखी माणसाला पैसे देत होते.

नऊ दिवसांबद्दल मी सेतूवाल्याला दोष देत नाही, चार जणांचे पैसे घेतल्याबद्दल देतो. पहिल्याच दिवशी त्याने फक्त 'पुढचे पैसे सध्या घेत नाही' एवढं म्हटलं असतं तर १ लाख १० हजार वाचले असते.

आणि मी. मी पुसलेल्या संदेशाने काही झालं असतं का, सांगता येत नाही. अठरा टाळ्यांसमोर माझं एक वाक्य. पण ताई एकट्या पडल्या नसत्या, आणि कदाचित सेतूवाल्याने त्याच रात्री दोनशेची विक्री करून पाहिली असती. मी क्लायंटना सांगतो की शंका आली की त्याच दिवशी कागदावर आणा.

डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि गटात पुन्हा नवी पोरं येऊ लागली. एकाने आल्याआल्या नवीन नाण्याचा आलेख टाकला, सरळ वर जाणारा. चाळीस हजारवाल्याने खाली लिहिलं, 'आंधी दोनशाचं घे अन् विकून दाखव.' पोरगं चिडलं, निघून गेलं. त्याला कोणी थांबवलं नाही, शिवीही दिली नाही.

ताईंना आम्ही तीनदा परत बोलावलं. त्या येत नाहीत. रविवारी त्यांच्या गटांच्या बैठका असतात म्हणतात.